लाठी, धूर आणि छर्रे: अप्राणघातक शस्त्रांचा आढावा

ज्या शस्त्राचा उद्देश माणसाला ठार करण्याचा नसून त्याला थांबवण्याचा, पांगवण्याचा किंवा थोड्या वेळापुरता हतबल करण्याचा असतो, त्याला अप्राणघातक शस्त्र म्हणतात. या व्याख्येचा सगळा भार ‘उद्देश’ या शब्दावर आहे. परिणामाची हमी कोणीच देत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९६ साली या शस्त्रांचे धोरण लिहिले, तेव्हा मृत्यूची शक्यता शून्य असलीच पाहिजे अशी अट त्याने घातली नाही. तशी अपेक्षाच नाही हे उलट नोंदवून ठेवले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२० साली या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या ‘कमी घातक’ शस्त्रांविषयी आहेत. हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. काठी, धूर, रबरी गोळी, विजेचा झटका, कर्णकर्कश आवाज अशा एकमेकींशी काहीही नाते नसलेल्या गोष्टी या एका नावाखाली येतात, कारण त्या सगळ्या तोंडी हुकूम आणि बंदुकीची गोळी यांच्या मधली जागा भरतात.

ती जागा रिकामी राहिली की काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाने जमावावर थेट गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. पण जागा भरली म्हणजे प्राण वाचतातच असेही नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला, बॅरिकेडच्या आत कोंडलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. अप्राणघातक शस्त्रांचा इतिहास या दोन तारखांच्या मधोमध चालतो.

यांत सर्वांत जुने आणि आजही सर्वाधिक वापरले जाणारे शस्त्र म्हणजे लाठी. ब्रिटिश अमदानीत पोलिसांच्या हाती आलेली बांबूची काठी स्वातंत्र्यानंतर तशीच राहिली. अलीकडे तिची जागा पॉलिकार्बोनेटची काठी घेऊ लागली आहे. कमरेखाली मारायचे, डोके, मान आणि छाती टाळायची, ही शिकवण पोलिसांच्या प्रशिक्षणात असते. मात्र पळणाऱ्या, वाकणाऱ्या, पडलेल्या माणसाची कंबर नेमकी कुठे असते, हे ऐन धुमश्चक्रीत ठरवणे कठीण. लाला लजपतराय यांना लाहोरात ३० ऑक्टोबर १९२८ रोजी सायमन कमिशनविरोधी मोर्चात लाठ्या बसल्या आणि १७ नोव्हेंबरला ते वारले. मराठी वृत्तपत्रांनी ‘सौम्य लाठीमार’ असा एक शब्दप्रयोग रूढ केला आहे. तो बहुधा पोलिसांच्या निवेदनातून जसाच्या तसा उचललेला असतो. मार खाणाऱ्याच्या तोंडून तो कधी ऐकू येत नाही.

दुसरे मोठे साधन अश्रुधूर. लोक त्याला वायू म्हणतात, पण तो वायू नाही. नळकांड्यात घन रसायनाची भुकटी असते आणि ती जळत्या मिश्रणाच्या उष्णतेने धुरासारखी हवेत पसरते. आज जगभर सर्वाधिक वापरले जाणारे रसायन सीएस हे होय. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजात बेन कॉर्सन आणि रॉजर स्टॉटन यांनी १९२८ साली ते तयार केले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे त्याला मिळाली. त्याचे शस्त्र झाले ते पुढे, १९५० च्या दशकात, ब्रिटनच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेत. डोळे, नाक आणि घसा यांतल्या वेदनाग्राही मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला ते चेतवते. डोळे मिटतात, पाण्याच्या धारा लागतात, छाती आवळल्यासारखी होते. मोकळ्या हवेत पंधरावीस मिनिटांत बहुतेकांना उतार पडतो. दमेकरी, तान्ही मुले आणि म्हातारी माणसे यांना हा हिशेब लागू पडत नाही.

ऑगस्ट १९६९ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या बॉगसाइड वस्तीत पोलिसांनी दोन दिवस सीएसचा मारा केला. धूर घराघरांत शिरला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हिम्सवर्थ समितीने एक मार्मिक सूचना केली: अशा रसायनाची पारख शस्त्रासारखी न करता नव्या औषधासारखी करावी, म्हणजे निरोगी सैनिकापेक्षा आजारी आणि दुबळ्या माणसावर ते काय करते हे आधी पाहावे. आजवर या शस्त्रांविषयी याहून शहाणपणाचे फारसे काही बोलले गेलेले नाही.

भारतात अश्रुधुराची साधने सीमा सुरक्षा दलाच्या ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथील कारखान्यात बनतात. १९७६ साली सुरू झालेला हा विभाग देशभरच्या पोलिसांना नळकांडी, हातगोळे आणि रंगीत धुराची साधने पुरवतो.

अश्रुधुराने माणसे मरतात तेव्हा रसायनापेक्षा जागा बहुधा जास्त दोषी असते. नळकांडे गर्दीच्या पलीकडे, वाऱ्याचा अंदाज घेऊन, उंच कोनात सोडायचे असते. सरळ अंगावर सोडले तर तो धातूचा जड गोळाच आहे. गर्दीला निघायला वाट हवी, हा दुसरा नियम. २४ मे १९६४ रोजी पेरूची राजधानी लिमा येथे फुटबॉलच्या सामन्यात पोलिसांनी प्रेक्षकांवर अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांकडे धावले, खालचे दरवाजे बंद होते. अधिकृत आकडा ३२८ मृत्यूंचा आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलांग जिल्ह्यात, कांजुरुहान स्टेडियममध्ये, हीच गोष्ट जवळजवळ अक्षरशः पुन्हा घडली आणि १३५ माणसे मेली. मैदानात गर्दी पांगवणारा वायू वापरू नये असे ‘फिफा’चे सुरक्षा नियम आधीपासून सांगत होते. दिल्लीच्या रामलीला मैदानावर ४ जून २०११ च्या मध्यरात्री, मांडवात झोपलेल्या आंदोलकांवर अश्रुधूर आणि लाठ्या चालल्या. त्या प्रकरणाची सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि २०१२ च्या निकालात पोलिसांना धारेवर धरले. झोपलेल्या माणसांपासून शांततेला असा कोणता तातडीचा धोका होता, हा त्यातला मुख्य मुद्दा.

याच अश्रुधुराच्या बाबतीत कायद्याची एक विचित्र गाठ आहे. जो धूर नागरिकांवर सोडता येतो तो शत्रूच्या सैनिकांवर सोडता येत नाही. १९९३ चा आणि २९ एप्रिल १९९७ पासून लागू झालेला रासायनिक शस्त्रबंदी करार दंगल आवरण्याच्या रसायनांना युद्धाचे साधन म्हणून मनाई करतो, पण देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी ती वापरायला मोकळीक ठेवतो. वरवर हे उफराटे वाटते. त्यामागे अनुभव आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी अश्रुधुराचे गोळे वापरले, आणि २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी ईप्रजवळ क्लोरीन सोडला. रणांगणावर ढग येताना दिसला की तो डोळे चुरचुरवणारा आहे की फुप्फुसे जाळणारा, हे खंदकातल्या सैनिकाला कळत नाही. तो वाईटातले वाईट गृहीत धरून उत्तर देतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी सीएस वापरला तो बहुतेक वेळा बंकरांतून आणि भुयारांतून माणसे बाहेर काढण्यासाठी, आणि बाहेर आलेल्यांवर मग गोळ्या आणि तोफा चालत. प्राण न घेणारे साधन तिथे प्राण घेण्याची पूर्वतयारी बनले होते. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७५ साली आदेश काढून युद्धातला हा वापर काही अपवाद वगळता सोडून दिला.

मिरचीवर आधारलेली साधने अश्रुधुराची धाकटी भावंडे. मिरचीतला तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो ते उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवते आणि अंग भाजल्याचा भास होतो. तिखटाची पूड डोळ्यांत टाकून पळण्याची युक्ती चोरांना पूर्वापार ठाऊक होती. पोलिसांनी ती फवाऱ्याच्या डबीत भरली. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने ईशान्येकडच्या भूत जोलोकिया मिरचीपासून हातगोळा तयार केला. या मिरचीचा तिखटपणा स्कोव्हिल मापनात दहा लाखांवर भरतो आणि २००७ साली गिनीज बुकाने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवले होते. मिरचीतल्याच एका कृत्रिमरीत्या बनवलेल्या द्रव्याचे, ‘पावा’चे, गोळे २०१६ मध्ये काश्मीरमध्ये पाठवले गेले. का, ते पुढे येईल.

आता या सगळ्या कुटुंबातली सर्वांत वादग्रस्त शाखा: अंगावर आदळणारी गोळी. हाँगकाँगच्या पोलिसांनी १९६० च्या दशकात सागवानी लाकडाचे दंडगोल बंदुकीतून उडवले. तिथून ब्रिटिश सैन्याने कल्पना उचलली आणि १९७० मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये रबरी गोळी आणली. जवळजवळ वीतभर लांब आणि दीडशे ग्रॅम वजनाचा हा रबरी ठोकळा जमिनीवर मारून उसळीने पायांना लागावा अशी योजना होती. उसळलेले रबर कुठे जाईल हे कोणालाच सांगता येईना. पुढे प्लास्टिकची गोळी आली. ती उसळवायची नव्हती, सरळ मारायची होती. १९७० पासून २००५ पर्यंत अशा सव्वा लाखाच्या आसपास गोळ्या तिथे झाडल्या गेल्या आणि १७ माणसे मेली. त्यांतली आठ मुले होती.

२०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या प्रकाशित नोंदींचा एकत्रित अभ्यास आला. अशा गोळ्यांनी जखमी झालेल्या १,९८४ जणांपैकी ५३ मेले होते आणि ३०० जणांना कायमचे अपंगत्व आले होते. डोके, मान आणि विशेषतः डोळे हेच मुख्य बळी. कारण साधे आहे. जवळून मारले तर ही गोळी प्राणघातक असते आणि लांबून मारले तर नेम राहत नाही; मधले जे सुरक्षित अंतर कागदावर लिहिलेले असते, ते चालत्या गर्दीत क्षणोक्षणी बदलते. चिलीमध्ये २०१९ च्या आंदोलनात पोलिसांच्या छर्ऱ्यांनी आणि नळकांड्यांनी चारशेहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. तिथल्या पोलिसांचे म्हणणे होते की छर्रे रबरी आहेत. चिली विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ते तपासले तेव्हा त्यांत रबर अवघे २० टक्के निघाले. उरलेल्या ८० टक्क्यांत सिलिका, बेरियम सल्फेट आणि शिसे अशी कठीण द्रव्ये होती.

काश्मीरची गोष्ट अधिक जवळची. २०१० च्या उन्हाळ्यात तिथे दगडफेक करणाऱ्या जमावांवरच्या गोळीबारात शंभराहून अधिक माणसे मेली आणि पर्याय म्हणून छर्ऱ्यांची बंदूक आणली गेली. ही मुळात शिकारीची बारा बोअरची बंदूक. तिच्या एका काडतुसातून शेकडो बारीक छर्रे निघतात आणि जितके पुढे जातात तितके पांगतात. म्हणजे नेम धरणारा ज्याच्याकडे पाहतो त्याला ते लागतातच, पण खिडकीत उभे असलेल्यालाही लागतात. जुलै २०१६ मध्ये अतिरेकी बुरहान वाणी मारला गेल्यानंतर उसळलेल्या आंदोलनात केंद्रीय राखीव पोलीस दलाने ३२ दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे झाडल्याचे उच्च न्यायालयाला सांगितले. श्रीनगरच्या श्री महाराजा हरिसिंह रुग्णालयातले नेत्रविभाग त्या उन्हाळ्यात भरून वाहत होते. शेकडो जणांच्या डोळ्यांत छर्रे शिरले होते, त्यांत शाळकरी मुलेही होती.

गृहमंत्रालयाने समिती नेमली. तिच्या शिफारशीनंतर ‘पावा’चे गोळे आले; त्यापुढच्या वर्षी महाराष्ट्रातल्या आयुध कारखान्यात बनलेल्या, एके-४७ मधून झाडता येणाऱ्या प्लास्टिकच्या गोळ्याही खोऱ्यात पोहोचल्या. छर्ऱ्यांची बंदूक मात्र गेली नाही. ‘अत्यंत विरळा प्रसंगी’ वापरण्यासाठी ती राहिली. या क्षेत्रात हे नेहमी घडते. नवे साधन जुन्याच्या जागी येत नाही, जुन्याच्या शेजारी येऊन बसते, आणि ज्या प्रसंगी पूर्वी काहीच वापरले नसते तिथे आता काहीतरी वापरले जाते.

पाण्याचा मारा त्या मानाने निरुपद्रवी समजला जातो. भारतात ‘वरुण’ नावाची गाडी दंगलीच्या बंदोबस्तात सर्रास दिसते. पण दाबाने आलेले पाणी माणसाला उचलून आपटते. ३० सप्टेंबर २०१० रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात रेल्वे स्थानकाच्या प्रकल्पाविरुद्ध निदर्शने करणाऱ्या एका निवृत्त अभियंत्याची दृष्टी पाण्याच्या झोताने जवळजवळ पूर्ण गेली. लंडनचे महापौर असताना बोरिस जॉन्सन यांनी २०१४ साली जर्मन पोलिसांच्या तीन जुन्या गाड्या विकत घेतल्या. पुढच्याच वर्षी गृहमंत्री थेरेसा मे यांनी परवानगी नाकारली आणि तीन लाख पौंडांहून अधिक खर्च झालेल्या त्या गाड्या २०१८ मध्ये सुमारे अकरा हजार पौंडांना भंगारात गेल्या. इस्राएलमध्ये पाण्याऐवजी ‘स्कंक’ नावाचे कुजकट वासाचे द्रव फवारतात. भारताच्या राखीव पोलीस दलाने त्याची चाचणी घेतली, तेव्हा ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांना वासाचे फारसे काही वाटले नाही, असे वृत्त २०१७ साली आले होते. भारतीय शहरांविषयी यावर आणखी भाष्य करण्याची गरज नाही.

विजेच्या झटक्याचे यंत्र, टेसर, हे गर्दीसाठी नसून एकट्या माणसासाठी आहे. ‘नासा’त काम केलेल्या जॅक कव्हर यांनी ते १९७४ साली पूर्ण केले आणि लहानपणी वाचलेल्या टॉम स्विफ्ट या कथानायकाच्या बंदुकीवरून त्याचे नाव ठेवले. तारांना जोडलेल्या दोन अणकुचीदार सुया अंगात रुततात, पाच सेकंद स्पंदने जातात, स्नायू ताठरतात आणि माणूस कोसळतो. यात ५०,००० व्होल्टचा जो आकडा सांगितला जातो तो घाबरवणारा आहे, पण अंगातून जाणारा सरासरी प्रवाह काही मिलिअँपिअर इतकाच असतो. धोका दुसरीकडे आहे: वारंवार झटके, हृदयविकार, नशा, उंचावरून किंवा डोक्यावर पडणे. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१७ साली अमेरिकेतल्या हजाराहून अधिक अशा मृत्यूंच्या नोंदी जमवल्या, ज्यांत पोलिसांनी टेसर वापरला होता. त्यांपैकी १५३ प्रकरणांत शवविच्छेदन अहवालांनी टेसरला मृत्यूचे कारण किंवा एक कारण म्हटले होते. दुसरी बाजूही खरी आहे की चाकू घेतलेल्या माणसापुढे पोलिसाच्या हाती टेसर नसेल तर पिस्तूल असते.

आवाज, प्रकाश आणि उष्णता यांची शस्त्रे संख्येने कमी पण चर्चेत जास्त. ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात ‘कोल’ या अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला झाला. त्यानंतर, लांबच्या बोटीला आधी ओरडून इशारा देता यावा म्हणून एकाच दिशेने आवाज फेकणारा प्रचंड कर्णा तयार झाला. २००५ साली सोमालियाच्या किनाऱ्यावर एका प्रवासी जहाजाने तो चाच्यांवर वापरला. तोच कर्णा २००९ मध्ये पिट्सबर्गच्या रस्त्यावर निदर्शकांसमोर उभा होता. त्वचेच्या वरच्या अर्ध्या मिलिमीटरलाही न भेदता आग झाल्याची वेदना देणारा ९५ गिगाहर्ट्झचा झोत अमेरिकेने २०१० साली अफगाणिस्तानात नेला आणि न वापरताच परत आणला. लेसरच्या बाबतीत जगाने दुर्मीळ दूरदृष्टी दाखवली. कायमचे आंधळे करण्यासाठीच बनवलेल्या लेसर शस्त्रांवर ती रणांगणावर सर्रास येण्याआधीच, ऑक्टोबर १९९५ मध्ये, बंदी घातली गेली. तात्पुरते दिपवणारे लेसर मात्र त्या बंदीत येत नाहीत.

सैन्यांना या शस्त्रांत रस वाटू लागला तो शीतयुद्ध संपल्यावर, जेव्हा सैनिकांना शत्रूऐवजी भुकेल्या जमावासमोर उभे राहावे लागले. १९९५ मध्ये सोमालियातून संयुक्त राष्ट्रांचे सैन्य काढून घेताना जनरल अँथनी झिनी यांच्या तुकड्यांनी चिकट फेस आणि छर्ऱ्यांच्या पिशव्या सोबत नेल्या होत्या. वस्तूंना निकामी करणारी शस्त्रे हा वेगळा प्रकार. २ मे १९९९ च्या रात्री सर्बियातल्या वीजकेंद्रांवर ‘नाटो’ने ग्रॅफाइटचे तंतू सोडणारे बॉम्ब टाकले आणि देशाच्या सुमारे ७० टक्के भागातली वीज गेली, रुग्णालयांची आणि पाणीपुरवठ्याचीही.

सर्वांत भयंकर धडा मॉस्कोचा. ऑक्टोबर २००२ मध्ये चेचेन अतिरेक्यांनी दुब्रोव्का नाट्यगृहात सुमारे ८५० जणांना ओलीस ठेवले. रशियन दलांनी वायुवीजनाच्या वाटेने गुंगीचा वायू आत सोडला. सुमारे १३० ओलीस मेले, ते जवळजवळ सगळे त्या वायूनेच. बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरांना वायू कोणता हे सांगितलेले नव्हते. ब्रिटिश शास्त्रज्ञांना नंतर वाचलेल्यांच्या कपड्यांत आणि लघवीत फेंटानिल जातीच्या दोन औषधांचे अंश सापडले. झोपवण्याची मात्रा आणि मारण्याची मात्रा यांत जे अंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ क्षणाक्षणाला सांभाळतो, ते भरलेल्या नाट्यगृहात सांभाळता येत नाही. रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या सदस्य देशांनी डिसेंबर २०२१ मध्ये अशा मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या रसायनांचा फवारा पोलिसी कामातही कराराशी विसंगत ठरवला. एकोणीस वर्षे लागली.

भारत-चीन सीमेवर बंदूक न चालवण्याचा प्रयोग वेगळ्याच रीतीने झाला. १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात तो पाळला गेला. खिळे ठोकलेल्या दांड्यांनी, दगडांनी आणि हातांनी लढाई झाली आणि भारताचे २० जवान मारले गेले. दक्षिण चिनी समुद्रात चीनचे तटरक्षक दल फिलिपिन्सच्या नौकांवर पाण्याचा मारा करते आणि लेसर रोखते, तेही याच हिशेबाने: गोळी झाडली नाही म्हणजे युद्ध झाले नाही.

भारतात बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे; त्याआधी तो दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होता. जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा आणि तो मानला नाही तर बळ वापरायचे, एवढे हे कलम सांगते. कोणते शस्त्र, किती अंतरावरून, अंगाच्या कोणत्या भागावर, हे सगळे पोलिसांच्या अंतर्गत आदेशांवर सोडलेले आहे, आणि ते आदेश नागरिकांच्या हाती सहसा पडत नाहीत. दरम्यान साधने पुढे निघून जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी शेतकऱ्यांच्या मोर्चावर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. शेतकऱ्यांनी धुरावर ओली पोती टाकली, आणि ड्रोनच्या पात्यांत मांजा अडकावा म्हणून पतंग उडवले.